तव्याची काजळी आणि सिद्दी जौहर

आठवीत असताना गॅदरिंगच्या नाटकात मला पहिल्यांदा काम मिळालं. गाव इंदापूर तालुक्यातलं, नाटक शिवरायांवरचं. सरांनी हजेरीपट बघितला आणि मला सिद्दी जौहर केलं. तव्याच्या काजळीत खोबरेल तेल कालवून तोंडाला फासलं. संवाद तीन, बाकी वेळ दात विचकून हसायचं. टाळ्या मिळाल्या, मी खूश. घरी तोंड धुताना अम्मीनं एवढंच विचारलं, "तुला मावळा का नाही केलं रे?"

उत्तर मला फार उशिरा सापडलं. १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर जो गेला, तो सिद्दी हिलाल शिवरायांच्याच फौजेतला होता. म्हणजे हबशी दोन्हीकडं होते. आमच्या रंगमंचावर मात्र एकाच बाजूचा आला.

खुद्द इंदापूरचंच बघा. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. ते ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिचा कारभार पुढं मलिक अंबरनं सांभाळला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस. त्यानं मोगलांना गनिमी काव्यानं जेरीस आणलं, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि पुढं औरंगाबाद झालेली खडकी वसवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. नाटककाराला यापेक्षा काय हवं? पण आमच्याकडं काळा माणूस म्हणजे काजळी आणि गडगडाटी हसू.

त्याच गॅदरिंगमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाला वगात नाच्या केलं होतं. आवाज मऊ, चाल नाजूक, म्हणून. टाळ्या त्याला माझ्यापेक्षा जास्त पडल्या. मी तोंड धुतलं आणि माझी काजळी गेली. त्याला मात्र दहावीपर्यंत सगळी शाळा 'नाच्या'च म्हणत राहिली. काही वर्षांपूर्वी बारामतीच्या स्टँडवर भेटला. म्हणाला, "नाटक फार आवडायचं रे. पण आपल्याला जन्मभर एकच काम मिळणार हे कळलं, मग सोडून दिलं."

कुणी म्हणेल, आपली परंपरा उदार आहे, बालगंधर्वांना आपण डोक्यावर घेतलं. घेतलंच. पुरुषानं बाई साकारली की आपण कौतुक करतो. पण मुळातच वेगळा असलेला पुरुष मंचावर स्वतः म्हणून उभा राहिला की त्याचा विनोद होतो. 'नटरंग'मधला गुणासुद्धा आपल्याला पचतो, कारण आत तो पैलवान आहे हे आपल्याला आधीच सांगितलेलं असतं. तेंडुलकरांनी १९८१ मध्येच 'मित्राची गोष्ट' लिहिलं, बाईवर प्रेम करणारी बाई मध्यभागी ठेवली. रोहिणी हट्टंगडींनी ती उभी केली. चाळीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या तालुक्याच्या मंचावर मी अजून तशी मित्रा पाहिलेली नाही.

आता थोडं आपल्या घरात. मलिक अंबरवर नाटक आलं तर आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटतील. माझ्या त्या मित्रावर आलं तर तिकीट कोण काढेल? तो आमच्याच मोहल्ल्यातला होता. त्याची टिंगल करणाऱ्यांत मीही होतो. स्वतःच्या तोंडाची काजळी मला आठवत राहिली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी सोयीनं विसरलो. मान मागायचा तर तो फक्त आपल्यापुरता मागता येत नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिकता गुन्हा नाही असं सांगितलं. कोर्ट पात्रं वाटत नाही. ती वाटतात गॅदरिंग बसवणारे सर, एकांकिका लिहिणारी कॉलेजची पोरं. बारामती-इंदापूरच्या या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे: यंदा पात्रं वाटताना हजेरीपट मिटून ठेवा. मऊ आवाजाच्या पोराला शिवाजी करून बघा. आणि काजळी तव्यालाच राहू द्या.