दारूगोळ्याची भाकरी

युद्ध कितीही अप्रिय असो, शस्त्रे घडविणाऱ्यांचे त्यात भलेच होते, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. कारखानदार आणि कामगार यांना एकाच पारड्यात घालून दोघांच्याही हातांना रक्त लागल्याचे सांगितले जाते. अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाचा इतिहास पाहता हा समज कारखानदारापुरताही सर्वस्वी खरा ठरत नाही. कामगारासंबंधी तर तो अन्यायाचाच आहे.

१९६५ पासून अमेरिकन फौजा मोठ्या संख्येने व्हिएतनाममध्ये उतरू लागल्या, तेव्हा कंत्राटांचा पूर आला, हे आम्हांस मान्य आहे. टेक्ससमधील बेल कंपनीने हेलिकॉप्टरे हजारांनी बांधली. पण त्याच काळात डाऊ केमिकलची काय गत झाली पाहा. नापाम हा जाळणारा पदार्थ तिच्या विक्रीत एक टक्काही नव्हता. तरी नोकरभरतीसाठी विद्यापीठांत गेलेल्या तिच्या प्रतिनिधींची वाट विद्यार्थी अडवू लागले. ऑक्टोबर १९६७ मध्ये मॅडिसन येथील विद्यापीठात पोलिसांच्या लाठ्या चालल्या त्या याच निमित्ताने. १९६९ मध्ये ते कंत्राट दुसरीकडे गेले. नाव काळवंडले ते काळवंडलेच. पुढे झाडांची पाने झडविणाऱ्या विषारी फवाऱ्याच्या दाव्यात डाऊसह सात कंपन्यांनी १९८४ साली १८ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. ते मिळावयाचे माजी सैनिकांना. ज्यांच्या रानांवर फवारे उडाले त्या व्हिएतनामी शेतकऱ्यांना नव्हे!

कंपनी असा घाव सोसूनही उभी राहते. कामगाराचे तसे नाही. बी-५२ ही बॉम्बफेकी विमाने घडविणाऱ्या बोइंग कंपनीत सिएटल परिसरात १९६७ च्या सुमारास लाखभर माणसे कामावर होती. १९७१ मध्ये ४० हजारही उरली नाहीत. प्रवासी विमानांची मागणी घटली आणि मार्च १९७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने स्वनातीत विमानाच्या योजनेचा पैसा बंद केला, ही त्याची मुख्य कारणे. पण युद्ध तर चालूच होते, बी-५२ बॉम्ब टाकीतच होती! शहर सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत, असा फलक कोणी थट्टेने रस्त्यावर लावला. घर गहाण पडलेल्या जोडाऱ्याला त्यात हसू आले नसावे.

लोकांना विटलेल्या युद्धाचे विशेष ते हेच की, त्यावरील खर्च कापताना कोणाला लाज वाटत नाही आणि कामावरून निघालेल्या माणसाचा कैवार कोणी घेत नाही. शस्त्रांच्या कारखान्यांना शांततेच्या उत्पादनाकडे वळविण्याची तजवीज आधीच करून ठेवावी, असे विधेयक सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी १९६३ मध्येच मांडले होते. ते संमत झाले नाही. मजूर महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी युद्धाची पाठराखण करीत राहिले. त्या निष्ठेचे मोल त्यांच्या सभासदांच्या पदरात फारसे पडले नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे पुण्याने म्हणू नये. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि खडकीचा कारखाना तिच्याकडे आहे. संपाची भाषा निघताच त्याच वर्षी संपबंदीचा कायदाही करण्यात आला. आता परदेशी मागण्यांची वाट पाहिली जाते. त्या मागण्या दूरच्या रणांगणांवर अवलंबून राहिल्या, तर त्या थांबतील त्या दिवशी खडकीच्या कामगाराच्या हाती कोणते काम द्यावयाचे, हे कंपनीच्या संचालकांनी आजच जाहीर करावे.