सुवर्णकंदुक आणि मैदान

पॅरिस येथे २२ सप्टेंबर २०२५ रोजी स्पेनच्या आयताना बोनमाती ह्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला फुटबॉलपटू म्हणून ‘बॅलन डी’ओर’, म्हणजे सुवर्णकंदुक, प्रदान करण्यात आला. २०२३ व २०२४ ह्या वर्षांचा मानही त्यांच्याकडेच गेला होता. लागोपाठ तीन वेळा हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच महिला होत. क्रीडापृष्ठाच्या कोपऱ्यात वाचून विसरून जावी अशी ही वार्ता नाही, असे आम्हांस वाटते. पुरुषांसाठी हा सन्मान १९५६ साली सुरू झाला आणि इंग्लंडचे स्टॅन्ली मॅथ्यूज हे त्याचे पहिले मानकरी ठरले. स्त्रियांसाठी तो सुरू होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. मधल्या ६२ वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा?

ह्यावर एक ठरीव उत्तर दिले जाते. स्त्रियांचा खेळ पाहावयास लोक येत नव्हते, मग सन्मान कोणाचा करणार? ह्या उत्तराइतका खोटा इतिहास दुसरा नसेल. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर इंग्लंडमधील डिक, कर कारखान्याच्या महिला संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक लोटले होते. त्यानंतर एक वर्षही पुरते लोटले नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस योग्य नसल्याचे ठरवून आपल्याशी संलग्न मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ अर्धशतक टिकली. पश्चिम जर्मनीतील संघटनेने १९५५ ते १९७० अशीच मनाई केली. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत कायदाच आडवा होता. म्हणजे प्रेक्षक कंटाळून निघून गेले असे नव्हे. दारे बाहेरून लावण्यात आली आणि मागाहून आत कोणी नाही म्हणून दूषणही स्त्रियांनाच देण्यात आले!

दारे उघडल्यावर काय घडते हेही पाहण्यासारखे आहे. ब्राझीलची मनाई उठल्यानंतर सात वर्षांनी, १९८६ साली, मार्ता ह्यांचा जन्म झाला. जागतिक फुटबॉल महासंघाने २००१ पासून सुरू केलेला महिलांचा वार्षिक सन्मान त्यांनी २००६ ते २०१० अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा २०१८ साली, असा एकूण सहा वेळा मिळविला. मनाई आणखी वीस वर्षे टिकती, तर त्यांच्या बालपणी हा खेळ त्यांच्यासाठी बेकायदेशीरच राहिला असता. अशा किती मार्ता १९४१ ते १९७९ ह्या काळात जन्मल्या आणि चेंडूला पाय न लावताच संसाराला लागल्या, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

सन्मान देऊ केला म्हणजे आदरही आला, असे मात्र समजू नये. २०१८ साली नॉर्वेच्या आदा हेगरबर्ग ह्यांना पहिला महिला सुवर्णकंदुक मिळाला. त्यांचे वय तेव्हा २३ वर्षांचे होते. त्याच व्यासपीठावर सूत्रसंचालकाने त्यांना, कंबर हलवीत नाचता येते का, असा प्रश्न केला. त्यांनी ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर दिले. पुढे त्या गृहस्थाने क्षमा मागितली. परंतु जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूसमोर उभे असताना हाच प्रश्न सुचावा, ह्यात त्याच्या एकट्याच्या वृत्तीचे दर्शन घडत नाही. हेगरबर्ग ह्यांनी तर महिला संघाला मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ २०१७ सालीच आपल्या राष्ट्रीय संघातून अंग काढून घेतले होते. २०१९ ची विश्वचषक स्पर्धाही त्या खेळल्या नाहीत; राष्ट्रीय संघात त्या परतल्या त्या २०२२ साली. ज्यांच्यापाशी असा निग्रह असतो, त्यांच्या हाती सन्मानचिन्ह शोभून दिसते.

बोनमाती ह्यांचीही कथा ह्याहून वेगळी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या १५ खेळाडूंनी राष्ट्रीय संघातील परिस्थिती सुधारेपर्यंत आपली निवड करू नये, असे संघटनेस लेखी कळविले. बोनमाती ह्या त्यांपैकी एक होत्या. त्या १५ जणींपैकी तिघीच २०२३ च्या विश्वचषक स्पर्धेस गेल्या. स्पेनने सिडनी येथे इंग्लंडला नमवून विश्वचषक जिंकला आणि बोनमाती स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. परंतु पदकदानाच्याच वेळी संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष लुईस रुबियालेस ह्यांनी खेळाडू जेनी एर्मोसो ह्यांचे बळाने चुंबन घेतले. अखेरीस त्यांना पद सोडावे लागले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून १०,८०० युरोंचा दंड केला. ह्या प्रकरणाचा धुरळा खाली बसण्यापूर्वीच बोनमाती ह्यांना युरोपीय महासंघाचा सन्मान मिळाला होता, आणि तो स्वीकारताना त्यांनी एर्मोसो ह्यांची बाजू उघडपणे घेतली. सन्मानाचा ह्याहून चांगला विनियोग आम्हांस ठाऊक नाही.

तथापि ह्या सन्मानाची मर्यादाही सांगितली पाहिजे. २०२५ साली युरोपीय विजेतेपद इंग्लंडने स्पेनला हरवून मिळविले, आणि क्लबांच्या युरोपीय स्पर्धेत आर्सेनलने बोनमाती ह्यांच्या बार्सिलोनाला हरविले. दोन्ही अंतिम सामने गमावलेल्या खेळाडूकडे सुवर्णकंदुक जावा, हे काहींना खटकले. आमच्या मते त्यात अन्याय नाही, कारण सन्मान खेळाचा होता; केवळ निकालाचा नव्हता. परंतु अकरा जणींच्या खेळात एकीचेच नाव कोरताना तिच्यामागील व्यवस्था दृष्टीआड होते, हे खरे. बोनमाती किशोरवयातच बार्सिलोनाच्या प्रशिक्षणसंस्थेत आल्या. क्लबने आपला महिला संघ २०१५ साली व्यावसायिक केला. २२ एप्रिल २०२२ रोजी त्याच संघाचा सामना पाहण्यास ९१,६४८ प्रेक्षक जमले. गुडिसन पार्कवर जे बंद पाडले गेले होते, ते तेथे शंभर वर्षांनी पुन्हा उभे राहिले.

हे सर्व दूरदेशीचे आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास नवी मुंबईचे स्मरण करून द्यावे लागेल. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथेच झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले आणि स्पेनची विकी लोपेस स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०२५ च्या पॅरिस येथील समारंभात सर्वोत्तम तरुण महिला खेळाडूचा सन्मान मिळाला तो तिलाच. त्याच स्पर्धेत यजमान म्हणून स्थान मिळालेल्या आपल्या मुलींनी तीन सामन्यांत १६ गोल स्वीकारले आणि एकही केला नाही.

दोष त्या मुलींचा नव्हे. भारताचा महिला संघ १९८३ साली आशियाई स्पर्धेत उपविजेता होता. त्याच वर्षी शांती मल्लिक ह्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती २०१७ साली! सन्मान आधी आणि स्पर्धा ३४ वर्षांनी मागाहून, असा हा आपला उलटा क्रम आहे. वर्गच न भरवता बक्षीस-समारंभ करणाऱ्या शाळेसारखाच हा प्रकार झाला. तरीही जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळविला. व्यवस्था तोकडी असतानाही हे घडले. ती पुरेशी असती तर काय घडले असते, ह्याचा विचार ज्यांच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्यांनी करावा.

नवे पुरस्कार जाहीर करणे सोपे असते. हारतुऱ्यांचा खर्च एका दिवसाचा असतो. प्रत्येक माध्यमिक शाळेत मुलींच्या वाट्याला मैदानाचे ठरलेले तास, तालुका-जिल्हा पातळीवर वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा, स्त्री-प्रशिक्षकांच्या नेमणुका आणि खेळणाऱ्या मुलीला घर चालविता येईल इतके वेतन, ह्या गोष्टींचा खर्च मात्र वर्षानुवर्षे करावा लागतो. शासनाने आणि क्रीडासंघटनांनी तो पत्करावा, असे आमचे त्यांस आग्रहाचे सांगणे आहे. पालकांनाही आमचे एक सांगणे आहे. संध्याकाळी मुलगा मैदानावर जातो त्या वेळी मुलीला घरकामासाठी थांबवून घेणे ही त्या १९२१ च्या ठरावाचीच घरगुती आवृत्ती होय. ती रद्द करण्यास कोणत्याही संघटनेच्या संमतीची आवश्यकता नाही.