उन्हाळा कोणाचा, आठवण कोणाची?

हॉस्टेलवर गिटार निघाली की 'समर ऑफ सिक्स्टीनाइन' ठरलेलं! मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मलाही ते पाठ. पण गंमत बघा. ब्रायन ॲडम्सचा जन्म १९५९चा, म्हणजे १९६९च्या उन्हाळ्यात हा पठ्ठ्या जेमतेम नऊ वर्षांचा! गाणं आलं १९८४च्या 'रेकलेस' अल्बममध्ये, जिम व्हॅलन्सच्या जोडीनं लिहिलेलं. थोडक्यात, आठवण चक्क रचलेली!

तरी ती खोटी वाटत नाही. आपला १९९८चा 'गारवा' घ्या. शब्द सौमित्र म्हणजे किशोर कदम यांचे, संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. नाव पावसाळी, पण सुरुवात उन्हाच्या काहिलीतून, आणि मग आठवणीतली 'ती'. आम्हा पोरापोरींचा तेव्हा जन्मही नव्हता, तरी घसा दाटतो. 'मिस यू' म्हणताना जे होतं त्याला मराठीत हुरहूर म्हणतात, हे मला तेव्हा कुठे नीट कळलं.

माझं म्हणणं एवढंच, उसनी हुरहूर वाईट नाही, पण तिच्यावरच भागवू नका. आपल्या मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या काडीत घडाची तयारी होते, आणि द्राक्षं हाती येतात पुढच्या हंगामात. आठवणींचंही तसंच. सबमिशन, बॅकलॉग चालूच राहणार. पण हा उन्हाळा नुसता हेडफोन लावून घालवला, तर चाळिशीत आठवायचं काय? दुसऱ्याचं १९६९? ज्याच्याशी, जिच्याशी बोलायचं राहिलंय, बोलून टाका. मराठीत बोललात तर उत्तमच!