दोन खुर्च्यांची जागा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. फोटोग्राफरचा दिवा स्टँडवर नीट कसा उभा करावा, हा आजचा विषय! जन्मभर शुद्धलेखन तपासलेल्या बाईला हे कुठून सुचलं म्हणून हसू नका. शेवटपर्यंत वाचा, विशेषतः आमच्या रोह्याच्या मंडळींनी.

यंदा वैशाखात रोह्याला माझ्या भाच्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. हॉल लहान, माणसं फार. फोटोग्राफर माझाच जुना विद्यार्थी. त्याने स्टेजच्या बाजूला तीन पायांचा स्टँड उभा केला, त्यावर फ्लॅशचा दिवा आणि दिव्यापुढे चार फुटी सॉफ्टबॉक्स. सॉफ्टबॉक्स म्हणजे काळ्या कापडाची मोठी पेटी, पुढे पांढरा पडदा. त्यातून उजेड मऊ होऊन येतो, तोंडावर काळ्या सावल्या पडत नाहीत.

स्टँडचे पाय त्याने चांगले फाकवले होते. मला ते खुपलं. बायका ओटीची ताटं घेऊन ये-जा करत होत्या, शिवाय तेवढ्या जागेत आणखी दोन खुर्च्या बसल्या असत्या. मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "अरे, पाय जरा जवळ घे त्याचे!" तो "बाई, पण..." एवढंच म्हणाला आणि त्याने पाय जवळ घेतले. बाईंना नाही कसं म्हणणार?

दहाएक मिनिटांनी एक पोर धावत आलं, त्याचा पाय वायरीत अडकला आणि तो सगळा डोलारा कलंडला. खाली माझी थोरली बहीण बसली होती. तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून दिवा पेढ्यांच्या ताटावर आदळला. पेढ्यांत काचाच काचा! ताई वाचली ती नशिबाने.

मग सगळे त्या मुलावर तुटून पडले. "साधा दिवा उभा करता येत नाही!" तो मान खाली घालून काचा वेचत होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. आणि मी? मी गप्प बसले.

आमची शाळा लहान, त्यामुळे मराठीच्या बाईंनाही अधूनमधून आठवीची भूमिती घ्यावी लागे. याच मुलाला मी त्रिकोण शिकवलाय. स्टँडच्या तीन पायांची टोकं जोडली की त्रिकोण होतो. वरच्या ओझ्याचा तोल जोवर त्या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर स्टँड उभा, बाहेर गेला की आडवा. पाय मधल्या दांड्यापासून दीड फूट लांब टेकले असतील, तर पायाच्या दिशेला आधार दीड फुटांपर्यंत मिळतो. पण दोन पायांच्या बरोबर मध्ये पाहिलं, तर त्रिकोणाची बाजू फक्त पाऊण फुटावर असते! पाय जवळ घेतले की तेवढाही आधार उरत नाही. आणि वर सात फुटांवर तीन-चार किलोचं ओझं. मी त्या मुलाचा त्रिकोणच काढून घेतला होता.

आषाढात तो पेणला गणपतीच्या एका कारखान्यात मूर्तींचे फोटो काढायला आला होता. हल्ली गिऱ्हाईकं आधी मोबाईलवर मूर्ती बघतात. मी मुद्दाम गेले. शाडूच्या कच्च्या मूर्ती फळ्यांवर वाळत होत्या. नुसता धक्का लागला तरी सोंड तुटायची.

तिथे त्याचं काम नीट पाहिलं. दिवा स्टँडवर चढवून त्याने मळसूत्र घट्ट पिळलं, हलवून पाहिलं. सॉफ्टबॉक्स स्टँड खाली असतानाच लावला, खटका बसल्याचा आवाज ऐकला. एक पाय सॉफ्टबॉक्स झुकतो त्याच दिशेला ठेवला. वाळूची पिशवी पायावर अशी टाकली की ती जमिनीला टेकणार नाही. टेकली तर तिचं ओझं जमीन घेते, स्टँडला उपयोग नाही. उंची हवी तेवढीच, आणि वरची बारीक नळी शक्यतो आतच. चावी सैल करण्याआधी दुसऱ्या हाताने दिवा धरलेला, नाहीतर तो झपकन खाली येतो. वायर स्टँडच्या पायाशी बांधून भिंतीकडेने नेली आणि जमिनीला चिकटपट्टीने चिकटवली. कुणी अडखळलंच तर ओढ पायाशी बसावी, डोक्याशी नाही.

मी विचारलं, "हे सगळं येत होतं, मग रोह्याला का नाही केलंस?"

"बाई, तिथे पिशवी ठेवायलाही जागा नव्हती. आणि माणूस बरोबर आणला तर त्याचे पैसे कोण देतं?"

कारखान्याच्या मालकांनी मात्र न सांगता मूर्तींच्या चार फळ्या उचलून त्या स्टँडला ऐसपैस जागा करून दिली होती. आपला माल किती नाजूक आहे हे त्यांना ठाऊक. आम्हाला आमची माणसं नाजूक वाटली नाहीत!

माझं म्हणणं एवढंच. पिशवी न टाकणं, वायर मोकळी सोडणं ही फोटोग्राफरची चूकच. गर्दी असो वा यजमान ओरडोत, त्याने ठाम राहायला हवं. पण आपल्याला फोटो झकास हवेत, सोबतीचा माणूस नको, आणि दिव्याच्या तीन पायांना जागाही द्यायची नाही, हे कसं चालेल? जेवणाच्या पंगतीची जागा आपण आखतो, तशी दिव्याचीही आखायला हवी. पोरांना त्या बाजूला जाऊ देऊ नये, आणि खाली म्हाताऱ्या माणसांना बसवू नये.

दिव्याचे पैसे मी देऊ केले, त्याने घेतले नाहीत. मग नातवाच्या जुन्या जीनचे पाय कापून, त्यांत वाळू भरून दोन पिशव्या शिवून दिल्या. त्या मात्र घेतल्या.

असो. रोह्याच्या मंडळींनो, त्या दिवशी बोलायला हवं होतं ते आज लिहिते: पाय जवळ घ्यायला मी सांगितलं होतं. मार्गशीर्षात लग्न आहे, फोटोग्राफर तोच ठरवा. आणि पुढच्या रांगेत दोन खुर्च्या कमी मांडा. त्यातली एक माझी समजा, मी मागे बसेन.