घरचा दवाखाना : गळ्यातली गाठ, सुरी की सुई?

गळ्याला गाठ म्हटले की आपल्या घरात दोनच शब्द उठतात : कर्करोग आणि ऑपरेशन. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदार वस्तीत हल्ली वार्षिक तपासणीची चाल पडली आहे. घरधन्याची झाली की मंडळींचीही होते. कुणी तरी मानेची सोनोग्राफी सुचवतो, अहवालात 'थायरॉइडमध्ये गाठ' असे येते, आणि चकलीची कढई खाली उतरते. घरात लग्नाची मुलगी असली तर काळजी दुहेरी. एक गाठीची, दुसरी गळ्यावर राहणाऱ्या व्रणाची.

भगिनींनो, आधी जरा श्वास घ्या. थायरॉइडमध्ये बारीकसारीक गाठी असणे हे केस पिकण्याइतके सर्रास आहे, आणि शंभरांतल्या नव्वदांहून अधिक गाठी निरुपद्रवी निघतात. दक्षिण कोरियात १९९९ नंतर लोक हौसेने गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ पर्यंत या कर्करोगाची नोंद १९९३ च्या पंधरापट झाली; मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. रोग वाढला नव्हता, शोध वाढला होता. त्या भरात कित्येकांच्या ग्रंथी उगाच कापल्या गेल्या.

तेव्हा क्रम असा. टी.एस.एच. ही रक्ताची तपासणी, मग सोनोग्राफी, आणि गाठ आकाराने वा रूपाने संशयास्पद असेल तरच बारीक सुईने पेशी काढून तपासणे. गाठ निर्दोष ठरली आणि त्रास नसेल तर काही करायचे नाही. फक्त ठरल्या वेळी पुन्हा पाहायचे. आपल्याकडे हे 'काही न करणे' फार अवघड जाते!

पण गिळताना अडते, गळा फुगलेला दिसतो, तेव्हा? शस्त्रक्रिया हा जुना आणि भरवशाचा मार्ग. एके काळी ती जीवघेणी होती. स्वित्झर्लंडच्या कोखर यांनी ती सुरक्षित केली, त्याबद्दल त्यांना १९०९ साली नोबेल मिळाले. तरी ग्रंथी पूर्ण काढली तर जन्मभर गोळी घ्यावी लागते. शिवाय आवाजाची नस ग्रंथीला अगदी खेटून जाते. शाळेत शिकवणाऱ्या, गाणाऱ्या बाईला आवाज म्हणजे सर्वस्व.

दुसरा मार्ग सुईचा. गाठीत नुसते पाणी असेल तर ते ओढून आत थोडे अल्कोहोल सोडतात. भिंती सुकून चिकटतात. गाठ भरीव असेल तर रेडिओ लहरींची सुई. गंमत अशी की तिचे तंत्र ज्यांनी घडवले, त्यांत कोरियाचेच डॉक्टर आघाडीवर. गळ्यापुरती भूल देतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई घालतात आणि गाठ आतून कणाकणाने भाजतात. नस जवळ असेल तर मध्ये साखरेचे पाणी सोडून तिला दूर सारतात. रोगी जागा असतो. डॉक्टर त्याला मधून मधून बोलते ठेवतात, म्हणजे आवाजावर लक्ष राहते. बहुधा त्याच दिवशी घरी. गाठ नाहीशी होत नाही, पण वर्षभरात निम्म्याहून लहान होते. टाका नाही, व्रण नाही, आणि सहसा गोळीही नाही.

हे वाचून लगेच धावू नका. भाजलेली गाठ प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. म्हणून आधी बहुधा दोनदा सुईची तपासणी निर्दोष यावी लागते. छातीच्या हाडामागे उतरलेल्या गाठीला, संशयित गाठीला शस्त्रक्रियाच बरी. क्वचित गाठ पुन्हा वाढते, आणि आवाज बसण्याचा धोका थोडा का होईना, इथेही आहे. डॉक्टरांना सरळ विचारा : अशा किती गाठी आपण स्वतः भाजल्या? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. खर्चाची धास्ती असेल तर पहिला सल्ला संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात घ्यावा. ते महापालिकेचेच आहे.

राहता राहिला कोबी. शिजवलेल्या कोबीच्या भाजीने गाठ होत नाही, खुशाल खा. मात्र सैंधवाच्या नव्या वेडापायी आयोडिनचे मीठ घरातून हद्दपार करू नका. आयोडिनच्या अभावाने गलगंड होतो, आणि त्याच्या निर्मूलनाचा सरकारी कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे. सैंधव उपासापुरते असू द्या.