आधी लेबल लावा, मग भांडू

मराठीत पुस्तकाची शिफारस करताना एक वाक्य हमखास येतं : ‘वाच, सगळं खरं आहे त्यात.’ माझं भांडण या वाक्याशी आहे. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा कादंबरीबद्दल बोललेलं असतं. ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’, अगदी ‘मृत्युंजय’सुद्धा. भाषा कशी आहे, कुठलं पात्र जमलंय, कुठे लेखक उगाच पसरट झालाय, यातलं काही ऐकू येत नाही. खरं आहे म्हणून वाच, एवढंच. आणि मग जे खरं नाही ते वाचणं म्हणजे आपोआप टाइमपास.

मी पोलादपूरचा. लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो. कॉलेजात असल्यापासून ‘स्टार वॉर्स’च्या कादंबऱ्या वाचतोय, इंग्रजीतून, मोबाइलवर, निम्म्याहून जास्त एसटीत बसून. आमच्या घरी त्यांचं नाव ‘ती उडत्या तबकड्यांची पुस्तकं’ असं पडलंय. माझे एक मामा दर गणपतीत विचारतात, ‘अजून तेच का रे? जरा खरं काही वाच की.’ खरं म्हणजे ‘श्रीमान योगी’. ती मी दोनदा वाचलीय. मामांनी एकदा, तीही नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना सोडून.

ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहिला ‘स्टार वॉर्स’ सिनेमा १९७७ चा. त्याची कादंबरी त्याच्याही आधी, १९७६ मध्ये आली होती. वर नाव जॉर्ज लुकसचं, लिहिलेली ॲलन डीन फॉस्टरने. १९७८ मध्ये फॉस्टरनेच या विश्वातली एक नवी गोष्ट लिहिली, ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’. तिच्यात ल्यूक आणि लेया यांच्यात चक्क प्रेमाची चाहूल आहे. पाच वर्षांनी तिसऱ्या सिनेमाने जाहीर केलं की हे दोघे सख्खे भाऊ-बहीण! आता काय करायचं त्या पुस्तकाचं? आपल्याकडे काय झालं असतं याची कल्पना तुम्हीच करा. तिथे कुणी पुस्तक जाळलं नाही. वाचकांनी कपाळावर हात मारला, हसले आणि पुस्तक शेल्फवर राहिलं.

१९९१ मध्ये टिमथी झानचं ‘एअर टू द एम्पायर’ आलं. सिनेमे संपल्यावर पुढे काय झालं याची ही गोष्ट. तिच्यात ग्रँड ॲडमिरल थ्रॉन नावाचा निळ्या कातडीचा सेनापती आहे. तो शत्रूला हरवण्याआधी त्या लोकांची चित्रं आणि शिल्पं बघत बसतो. कलेवरून माणसं कशी विचार करतात ते ओळखतो आणि मग हल्ला करतो. लोणेऱ्याच्या होस्टेलवर आम्ही तिघं या माणसावरून रात्रीचे दोन वाजेपर्यंत भांडायचो. तो खलनायक आहे का? एखाद्या समाजाची कला इतकी नीट कळलेल्या माणसाला तो समाज बेचिराख करता येतो, म्हणजे कला कळणं ही काही फार मोठी गोष्ट नाही का? मला ‘वाङ्मयीन चर्चा’ म्हणजे काय ते तिथे कळलं. मराठीच्या पेपरात नाही.

या कादंबऱ्या वाढत गेल्या. १९९९ च्या ‘व्हेक्टर प्राइम’मध्ये तर सगळ्यांचा लाडका च्युबाका मारला गेला. एक अख्खा चंद्र त्याच्यावर कोसळतो. लोक हळहळले, चिडले, लेखकाला वाट्टेल ते बोलले. हे सगळं सांभाळायला लुकसफिल्ममध्ये लेलंड ची नावाचा माणूस ‘होलोक्रॉन’ नावाचा एक डेटाबेस ठेवत असे. माझा जीव त्या डेटाबेसवर आहे, कारण त्यात ‘खरं की खोटं’ असा एकच कॉलम नव्हता. नोंद कुठून आली, त्यावर तिची पायरी ठरायची. स्वतः लुकसच्या सिनेमातली असेल तर सर्वांत वर, टीव्ही मालिकेतली असेल तर त्याखाली, कादंबरीतली असेल तर आणखी खाली, जुन्या किरकोळ गोष्टीतली असेल तर त्याहून खाली, आणि कशातच न बसणारी असेल तर तळाला. तळाची नोंदसुद्धा पुसायची नाही. ठेवायची, पण कुठून आली ते लिहून.

पुढे २०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की आजवरच्या या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कथेत धरल्या जाणार नाहीत. नव्या आवृत्त्यांवर ‘लेजंड्स’ असं लिहून येऊ लागलं. २०१५ च्या सिनेमात च्युबाका धडधाकट फिरताना दिसला. या विश्वाचे वाचक चिडले, पण वाचायचे थांबले नाहीत. उलट आता शिफारस अधिक नेमकी झाली : ‘लेजंड्समधलं हवंय ना? मग झानपासून सुरू कर.’

आता आपल्याकडे या. अशा पायऱ्या मराठीला नवीन आहेत असं कुणाला वाटत असेल तर तो आपल्याच भाषेचा अपमान आहे. पत्र, शकावली, बखर, पोवाडा, आख्यायिका, कादंबरी. लेलंड चीने डेटाबेस उघडण्याच्या कितीतरी आधीपासून हे शब्द आपल्याकडे आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. जेधे शकावली कोरडी तारीख देते. बखर गोष्ट सांगते. पोवाडा अंगावर काटा आणतो. रोपवेच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे आणि वर हिरकणी बुरूज. महाड तालुक्यातल्या प्रत्येक पोराला रात्री कडा उतरून बाळाकडे गेलेल्या त्या गवळणीची गोष्ट माहीत असते, आणि मोठी माणसं ती सांगताना ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणतात. तेवढ्याने हिरकणी लहान होते का? माझ्या आजीला त्या ‘आख्यायिका’ शब्दाने कधीच रडायला अडवलं नाही.

हा शब्द आपण कुठे टाकून दिला कुणास ठाऊक. पोलादपूरपासून जवळच उमरठ आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी तिथे. शाळेची सहल तिथेच जाते, आणि सहलीत घोरपडीची गोष्ट सांगितली जाते. घोरपड येते तुळशीदासाच्या पोवाड्यातून. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. तिच्यात मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, हातापायांनी. गड घेतल्यावर महाराजांच्या तोंडी हळहळीचं वाक्य सभासदही घालतो, पण त्या वाक्यात सिंह नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ हे ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचं नाव. आणि गडाचं सिंहगड हे नाव तर १६७० च्या लढाईआधीच्या पत्रातही सापडतं.

हे कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. ‘म्हणजे तुला म्हणायचंय तानाजी खोटा?’ अरे बाबा, उलट! घोरपड काढली की श्रेय कुणाकडे जातं? त्या काळोखात बोटांनी कपारी चाचपत वर गेलेल्या माणसांकडे. पोवाडा पोवाडा म्हणून ऐका, मी आजही ऐकतो आणि मला तो आवडतो. पण त्यालाच दस्तऐवज केलंत, तर आमच्या उमरठच्या माणसाचा पराक्रम तुम्ही एका सरपटणाऱ्या प्राण्याला देऊन टाकता.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे. ‘तुमचे ते ल्यूक आणि थ्रॉन काल्पनिक. त्यांच्या गोष्टीत काहीही फिरवा. इथे आमच्या राजाचा प्रश्न आहे. तुलना करतोसच कशी?’ मी म्हणतो, म्हणूनच करतो. जे विश्व पहिल्या पानापासून बनावट आहे, त्यात कुठली गोष्ट कुणी घातली याचा हिशेब ठेवायला एक माणूस पगारावर बसवला जातो. आणि जो राजा खरोखर चालला, बोलला, ज्याची पत्रं आहेत, ज्याचा राज्याभिषेक आमच्या शेजारच्या तालुक्यात १६७४ मध्ये झाला, त्याच्याबद्दल कुठलं वाक्य कागदातलं आणि कुठलं रणजित देसाईंच्या टेबलावरचं, हे विचारणंसुद्धा उद्धटपणा ठरतो. काल्पनिक माणसाच्या बाबतीत घोळ झाला तर फार काही बिघडत नाही. खऱ्या माणसाच्या बाबतीत झाला तर तो माणूसच हातचा जातो.

देसाईंचा यात दोष नाही. त्यांच्या कादंबरीच्या दारातच कुरुंदकर बसलेत. इतकी लांब, चिकित्सक प्रस्तावना पुढे असताना तिच्यावरून उडी मारून आत जायचं आणि बाहेर येऊन ‘सगळं खरं आहे’ म्हणायचं, हा वाचकाचा पराक्रम. ‘मृत्युंजय’चं तर बोलूच नका. सावंतांचा कर्ण हाच व्यासांचा कर्ण, असं शपथेवर सांगणारी माणसं मला प्रत्येक ऑफिसात भेटलीत.

याचे परिणाम नुसते वाचनापुरते राहत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आला. सावंतांच्या कादंबरीवर सिनेमा, म्हणजे मूळ घटनेपासून दोन पायऱ्या खाली. मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते. सिनेमात पाहिलेलं मुघलांचं सोनं तिथे पुरलंय अशी हवा झाली होती. बातमी वाचून मी खूप हसलो. तलवारीसारखा प्रकाश मिळेल म्हणून ‘स्टार वॉर्स’च्या कुठल्या वाचकाने अजून वावर खणलेलं नाही. पण सोन्यासाठी खणणारे निदान निरुपद्रवी. कादंबरीतल्या संवादावरून शेजाऱ्याची जात किंवा धर्म तपासायला निघणारे जास्त आहेत, आणि त्यांच्या हातात टॉर्च नसतो.

‘स्टार वॉर्स’चे वाचक शहाणे आणि आपण वेडे असंही नाही. त्यांचाही एक रोग आहे. २०१४ नंतर ‘हे अधिकृत आहे का? नसेल तर कशाला वाचू?’ असं विचारणारी जमात वाढली. म्हणजे ‘सगळं खरं आहे’चा त्यांचा अवतार, फक्त खरं काय ते कंपनी ठरवणार. या लोकांनी मारा जेडसारखं पात्र ओलांडून जावं याचं मला वाईट वाटतं. ल्यूकला मारायला निघालेली, स्वतःच्या डोक्यातल्या मेलेल्या सम्राटाच्या हुकुमाशी झगडणारी ही बाई अधिकृत यादीत नाही, आणि यादीतल्या निम्म्या पात्रांपेक्षा ती जिवंत आहे. थ्रॉनला कंपनीने २०१६ मध्ये मालिकेतून परत घेतलं, कारण वाचकांनी त्याला सोडलंच नव्हतं. लेबल वाचण्यासाठी असतं, त्यावरून पुस्तक फेकायचं नसतं.

‘इथल्या मातीत ग्रंथाशी वाद घालायची रीत नाही’ असं मला एकाने महाडातच ऐकवलं. महाडात! जिथे २५ डिसेंबर १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, त्या गावात उभं राहून.

तर मला विचाराल तर शिफारस अशी करा. ‘श्रीमान योगी’ वाच, कादंबरी आहे, प्रस्तावना आधी वाच. सभासद वाच, बखर आहे, छोटी आहे, भाषेला दोन दिवस लागतील. झान वाच, लेजंड्स आहे. आणि ‘शिवभारत’ वाच, काव्य आहे. ते कवींद्र परमानंदांनी महाराजांच्या हयातीत संस्कृतात लिहिलं. महाराजांना ते विष्णूचा अवतार म्हणतात, तेव्हा तेही लेबल लावूनच वाचायचं. एकतीस अध्याय पूर्ण होतात, बत्तिसावा जेमतेम सुरू होतो आणि शृंगारपूरच्या प्रसंगात, १६६१ च्या आसपास, काव्य एकदम थांबतं. राज्याभिषेक नाही, आग्रा नाही, सिंहगड नाही. असं अर्धं राहिलेलं पुस्तक ‘स्टार वॉर्स’च्या वाचकांना सापडलं असतं, तर ते का थांबलं यावर त्यांनी पन्नास तर्क लढवले असते आणि प्रत्येक तर्काची पायरी लावली असती.

या परमानंदांची समाधी आमच्या पोलादपुरात आहे. गावात उतरणारे बहुतेक जण वडापाव खातात आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघून जातात.