टाकी मोठी, तोटी तीच

नवा फोन आला की आमच्या ऑफिसात एक वाद ठरलेलाच. "अरे, ऐंशी हजारांच्या फोनला अजून यूएसबी २.०?" वाद अगदीच पोकळ नाही. यूएसबी २.० आलं २००० साली, वेग कागदोपत्री सेकंदाला ४८० मेगाबिट. २०२३ साली आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट मिळाला, पण साध्या मॉडेलला वेग हाच. १० गिगाबिट फक्त 'प्रो'ला, आणि तिथेही डब्यातली केबल यूएसबी २.० चीच!

बरं, पण हा वेग लागतो कोणाला?

हिशोब करू. ४८० मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट. पाच एमबीचा एक, असे हजार फोटो सव्वादोन मिनिटांत उतरतात. चहाला आधणही येत नाही तेवढ्यात. पण प्रोरेसमध्ये ४के शूटिंग केलं की मिनिटाला साधारण ६ जीबी. अर्ध्या तासाचे झाले १८० जीबी, म्हणजे सव्वा ते दीड तास. लग्नाचं शूटिंग करून रात्रीच मिक्सिंगला बसणाऱ्याला हे परवडत नाही.

मग बाकीच्यांनी गप्प बसायचं? इथे माझं मत जरा वेगळं आहे.

पुण्यात घरी फायबर असलेला माणूस म्हणतो, केबल लावतो कोण, सगळं क्लाउडवर जातं. आमच्या वर्धा जिल्ह्यात, आर्वी-कारंजाकडच्या एखाद्या गावात, रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर फोटो कसे चढवणार? त्यात गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद. १५ जीबी भरले की भाडं सुरू. अशा घरात नातवाच्या बारशाचे व्हिडिओ फक्त फोनमध्येच असतात. फोन विहिरीत पडला की संपलं. तिथे केबल ही चैन नाही, तीच एकमेव वाट आहे.

सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. गांधीजींशी बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. गरज दिल्लीला होती, म्हणून तार खेड्यापर्यंत आली. आज गरज खेड्याला आहे, आणि तारेचा वेग ठरवणारे मात्र फायबरवर बसलेत.

१० गिगाबिट सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. पण ५१२ जीबीचा फोन विकायचा आणि तो रिकामा करायला पावणेचार तास लावणारा पोर्ट द्यायचा, हे काही पटत नाही. आणि किमान पोर्टचा व केबलचा वेग डब्यावर ठळक छापा की राव! वॅट छापता ना?

असो. या वीकांताला घरी जाणार असाल तर एक केबल आणि हार्ड डिस्क सोबत न्या. आई-बाबांचा फोन उतरवून घ्या. वेळ लागला तर लागू दे, तेवढ्याच गप्पा होतील :)